मोठं जहाज कसं वाचवायचं

३ मार्च

आज पुन्हा तेच! मी कामावरून आले तर दिवासुद्धा न लावता हे कॉम्प्युटरसमोर. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती खुर्ची आणि हे एकजीव झालेत. पडद्यावर निळं पाणी, त्यावर इवलाली जहाजं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, पोटचा पोरगा नौदलात, खऱ्या समुद्रात आहे, तिकडे कधी काय पेटेल सांगता येत नाही आणि तुम्ही लुटुपुटीच्या लढाया खेळताय? काही वाटतं का?

ह्यांचा चहाचा कप तसाच बाजूला, साय धरेपर्यंत.

६ मार्च

बोक्याचा फोन आला! पोरगा तिशीला टेकला तरी मला बोकाच. लहानपणी जागा मिळेल तिथे झोपायचा. बूट काढायच्या फळीवरसुद्धा.

विचारलं, विमानांचा त्रास कमी झाला का रे? मागे म्हणाला होता, डोक्यावर विमान उतरलं की अख्खी खाट हादरते. तर म्हणे, "हल्ली मस्त झोप लागते आई. आवाजच नाही." सवय झाली बिचाऱ्याला. हलतं मात्र फार, दोनदा उलटी झाली. एवढं गावाएवढं जहाज, ते कसं काय हलतं? "आई, समुद्र आहे तो. बाबांकडे दे."

बाबांशी बराच वेळ. हे नुसते हं, हं. फोन ठेवल्यावर विचारलं, काय म्हणत होता एवढं? "गुडघ्याची चौकशी." गुडघ्याची चौकशी इतका वेळ! बापलेकांचं गूळपीठ पहिल्यापासून आहे, मी आपली जेवलास का विचारण्यापुरती.

७ मार्च

फोन नाही. काल आला म्हणजे आज येणार नाहीच. तरी वाट पाहिली.

९ मार्च

आज भांडायच्या तयारीनेच त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, रोज रोज काय असतं ह्यात? पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "तुला कधी प्रश्न पडला का, एवढं मोठं जहाज स्वतःला वाचवतं कसं?"

नव्हता पडला. मला वाटायचं, एवढं मोठं आहे म्हणजे त्याला कोण हात लावतंय.

मग मीही स्टूल ओढून बसले. भात करपला.

१२ मार्च

शिकतेय. विमानवाहू नौका म्हणायचं त्याला, मी आपलं मोठं जहाज म्हणते. त्याच्याकडे स्वतःला वाचवायला स्वतःचं असं फारसं काही नाही, हे आज कळलं. जवळच्या मारापुरत्या तोफा आहेत, पण त्या अगदी शेवटी. तिथवर शत्रू पोचला म्हणजे निम्मी हार झालेलीच. खरी ताकद विमानांची. ती सगळी हल्ल्याला धाडली की घर उघडं. सगळी घरी ठेवली की शत्रू शोधायचा कोणी? शिवाय तेल संपलं की खाली यावं लागतं. तेल भरलेली विमानं वरच्या सपाटीवर ओळीने उभी असताना एक बॉम्ब पडला, की आग आवरत नाही. म्हणून थोडी वर घिरट्या घालत, थोडी खाली, अशा पाळ्या लावायच्या.

पाळ्या मला लगेच जमल्या! हॉस्पिटलच्या धुलाईघरात एवढी वर्षं मी दुसरं काय करतेय? सगळी यंत्रं एकदम लावली तर वॉर्डात ऐन वेळी चादर नाही. हे हसले. किती दिवसांनी हसले.

भोवती छोट्या जहाजांचं कडं असतं, पाणबुडी आणि विमानं आत येऊ नयेत म्हणून. ते पाहून जरा बरं वाटलं. बोका मधोमध आहे.

१४ मार्च

हे शत्रू, मी आपल्या बाजूची. एकाची पाळी चालू असली की दुसऱ्याने पाहायचं नाही, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून बसते, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. आज भिंतीकडे बघता बघता डोक्यात आलं. कड्यातलं एक छोटं जहाज काढलं आणि पार पुढे, शत्रू येईल त्या बाजूला एकटं उभं केलं. त्याचं रडार आधी पाहतं, आधी कळवतं. तेवढ्यात माझी विमानं वर!

जिंकले! ते पुढचं बुडालं, पण मोठ्याला ओरखडा नाही.

हे म्हणाले, "ते मागे घे. असं एकटं नाही सोडायचं."

का? एक जातं आणि एवढी सगळी माणसं वाचतात.

"त्याच्यावरही माणसंच असतात."

अहो, खेळ आहे हो! — मी म्हणाले आणि माझं मलाच हसू आलं. दहा दिवसांपूर्वी ह्याच खेळावरून ह्यांना बोलले होते.

१५ मार्च

जिंकले.

१६ मार्च

जिंकले. पुढचं जहाज गेलं, नेहमीप्रमाणे.

१८ मार्च

धुलाईघरात रेडिओ दिवसभर चालू. समुद्रात तणाव, समुद्रात तणाव. यंत्रांच्या घरघरीत अर्धं ऐकू येत नाही आणि जे येतं ते नको वाटतं. सुपरवायझर म्हणाली, घरी जा हवं तर. घरी जाऊन काय करू? चादरींच्या घड्या घालत राहिले. मनात सारखी जहाजं मांडत होते. अर्धी विमानं वर. कडं आवळून. एक पुढे. असं मांडलं की धीर येतो. तिथल्या कप्तानाला मला सुचतं तेवढं नक्कीच सुचत असणार.

१९ मार्च

हे मुद्दाम हरतायत! आज पाहिलं मी. त्यांची विमानं सरळ माझ्या पुढच्या जहाजावर येत होती, आयतं सावज, आणि ह्यांनी ती वळवली. लांबून वळसा घालून आले, तेल संपलं, निम्मी पाण्यात पडली. म्हटलं, मला लहान मुलासारखं जिंकवू नका, नीट खेळा.

"नीटच खेळतोय," म्हणाले. पंखा चालू असताना कपाळ पुसत होते. साखर तपासून घ्यायला हवी त्यांची.

२१ मार्च

बाजू बदलल्या. मी शत्रू, मोठं जहाज ह्यांचं. आणि काय करावं ह्यांनी? एकूण एक छोटं जहाज मोठ्याला चिकटवून ठेवलं, कोंबडीने पिल्लं पंखाखाली घ्यावी तसं. पुढे कोणीच नाही! माझी विमानं कशी आली ते शेवटपर्यंत कळलं नाही. मोठं जहाज जळालं आणि बुडालं.

खेळाच्या भरात तोंडातून निघून गेलं, "बुडवलंत ना बोक्याला!"

काठी न घेताच उठले. भिंत धरत धरत बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून बसले. कितीतरी वेळ पाणी वाहत होतं. मी दारावर थाप मारली, सॉरी म्हटलं. "काही नाही गं, तोंड धुतोय."

असं बोलायला नको होतं मी, जिभेला हाड नाही माझ्या. पण खेळातलं एवढं मनाला लावून घ्यायचं? आताशा फार हळवे झालेत.

२३ मार्च

बोक्याचा फोन नाही. तिकडून सगळ्यांचेच फोन बंद केलेत म्हणे.

२४ मार्च

हल्ला झाला.

सकाळीच वरची शेजारीण जिना उतरून धावत आली, पायात चपलासुद्धा नाहीत. "बातम्या लावा, बातम्या!" टीव्ही लावला. पडद्यावर तोच तोच धूर. मग बातम्यांतली बाई वाचायला लागली. मोठं जहाज सुखरूप! एकालाही खरचटलेलं नाही! पुढे असलेल्या एका छोट्या जहाजाने वेळेवर इशारा दिला, म्हणून विमानं वर जाऊ शकली.

जीव भांड्यात पडला. मी वरचीच्या गळ्यात पडून रडले. मग हसले. ह्यांना म्हटलं, "पाहिलंत? मी सांगत नव्हते, एक पुढे ठेवायचं! माझ्यासारखंच केलं त्यांनी!"

हे खुर्चीतून उठले नाहीत. विचारलं, "त्या पुढच्याचं काय झालं?"

वरची म्हणाली, त्याला लागलं म्हणे, संपर्क नाही त्याच्याशी. पण तुमचा सुखरूप आहे ना, मग झालं तर!

धुलाईघरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या माझ्यासाठी. सुपरवायझरने चहा पाजला. पाय जमिनीवर नव्हते दिवसभर.

परत आले तर हे तिथेच, तसेच, मांडीवर फोन घेऊन. जेवले नाहीत. एवढी आनंदाची बातमी आणि ह्यांचं तोंड उतरलेलं. उद्या बोक्याचा फोन आला की त्यालाच सांगते, बाबांना जरा समजाव म्हणून.

२५ मार्च

फोन आला. बोक्याचा नाही, त्याच्या कचेरीचा.

तो मोठ्या जहाजावर नव्हताच. जानेवारीत बदली झाली. त्या पुढच्या, छोट्या जहाजावर. ह्यांना त्यानेच बजावलं होतं, "आईला सांगू नका, तिला वाटू दे मी मधोमध आहे." ह्यांनी नाही सांगितलं. ते कसं वाचेल, एवढंच हे त्या खेळात शोधत बसले होते.

आणि रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून मी त्याला एकटं पुढे उभं करत होते.