काळ्या चष्म्यातून आमचा व्हिडिओ

सोम., १७ फेब्रु.
आमचा सुरक्षेचा व्हिडिओ खाणीवरच्या माणसांना नीट दिसतो का? मला उत्तर देता येत नाही. फोन, टॅबलेट, स्लो नेट, सगळ्यांसाठी त्याच्या आवृत्त्या मीच बनवते. तपासतो मात्र पडदे ओढलेल्या मीटिंग रूममध्ये, भिंतीएवढ्या टीव्हीवर. अभिजितला म्हटलं, कालगुर्लीच्या खाणीवर विचारू. बॉस उवाच: "आधी प्रोबेशन संपव, मग प्रश्न विचार."

बुध., १९
विचारलंच. डेबी, तिथली शिफ्ट सुपरवायझर, फोनवर: "व्हिडिओ मस्त गं. फक्त बघायला पोरं चष्मे काढतात."
उन्हाचे सेफ्टी चष्मे पोलराइज्ड. त्यातून टॅबलेट आडवा धरला की स्क्रीन काळी, उभा धरला की दिसतं. आणि व्हिडिओ आडवाच चालतो. तसा लॉक मीच केला, कारण उभा अभिजितला 'रीलसारखा चीप' वाटतो.
तो बघायचा कुठे, तर दगड फोडणाऱ्या क्रशरशेजारी, मशीन सुरू करण्याआधी. बाजूचं चालूच असतं. गेल्या आठवड्यात चष्मा काढलेल्या एकाच्या डोळ्यात खडी उडाली. डोळा वाचला, थोडक्यात.


गुरु., २०
केमिस्टकडून तसला चष्मा आणला. अभिजितपुढे ठेवला. "घालून बघ."
हातही लावला नाही. सगळ्यांसमोर: "घरात पहिली डिग्री आली की जग सुधारायची घाई होते, नाही?" टीममधले दोघं हसले. नालायक.
"उभी आवृत्ती सोमवारपर्यंत देते."
"आणि क्लायंटला सांगू काय, आम्ही चुकलो? जूनमध्ये बघू."
"तोवर त्यांचे डोळे?"
"चष्मा घालणं त्यांचं काम. नो वरीज, यार."
त्याचा आवाजसुद्धा नकोसा झालाय.

शुक्र., २१
सकाळी त्याची मेल, क्लायंटला. सोमवारपासून हाच व्हिडिओ आणखी दोन खाणींवर. खाली 'उन्हातली चाचणी पूर्ण', आणि पुढे माझं नाव. न विचारता.
आईला वाटतं, शिकलेल्या माणसाच्या नावाला वजन असतं. ह्याला ते फुकट वापरायचं होतं.
प्रोबेशन संपायला आठ दिवस.
लंचमध्ये कार पार्कमधून डेबीला फोन केला. व्हिडिओ आजच थांबवा म्हटलं. उन्हात चाचणी झालेली नाही, माझं नाव खोटं टाकलंय.
तिने विचारलं, "हे लेखी देशील?"
दिलं. सीसीत अभिजित.