डाव्या कॉइलचे सात वेढे

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ९.१०
आजपासून काम पद्धतशीर. सुलक्षणा आठ दिवसांसाठी नाशिकला अस्मिताकडे, म्हणजे आमच्या मुलीकडे गेली आहे. घर शांत. मापनाला अशीच शांतता लागते.
विषय: आमचे दोन स्पीकर. लग्नाच्या वर्षी घेतलेले. दिवाळीपासून डावा बॉक्स दबून बोलतो. सुलक्षणाचं म्हणणं, दिवाळीत सोफा त्याच्यासमोर सरकवला म्हणून. तो पुढे ओढा. बायकांना सगळ्याचं उत्तर फर्निचरमध्ये दिसतं.
खरं कारण आत आहे. बॉक्सच्या पोटात क्रॉसओव्हर नावाची पाटी असते. जाड आवाज मोठ्या स्पीकरला, बारीक आवाज छोट्याला, अशी वाटणी ती करते. त्यावर तांब्याच्या तारेची कॉइल. कंपनीने तिच्यावर आकडाच छापलेला नाही. मरोळच्या कारखान्यात ३१ वर्षं क्वालिटी कंट्रोल केलेल्या माणसाला हे सहन होणार नाही.
संकल्प: दोन्ही कॉइल मोजणे. २२ तारखेला लग्नाचा वाढदिवस. त्याआधी दोन्ही बॉक्स सारखे बोलले पाहिजेत. ती ऐकेल आणि गप्प बसेल.

४ फेब्रुवारी, मंगळवार
समोरच्या केतनने मीटर दिला. तो अंधेरीला एका स्टुडिओत साउंडचं काम बघतो. पोरगा बरा आहे, पण फार बोलतो.
टेबल: सुलक्षणाचं शिलाई मशीन. मुंडी खाली घडी केली, वर फळी लावली की झकास सपाट बेंच होतो. हे मी गेल्या महिन्यातच केलं होतं. तिने तीनदा विचारलं, ब्लाउज शिवायचे आहेत, टेबल कधी मोकळं होईल. मी तिन्ही वेळा नीट उत्तर दिलं: झालं की सांगतो.

५ फेब्रुवारी, बुधवार
शिस्त. डाव्या बॉक्सची कॉइल टेबलाच्या डाव्या बाजूला, उजव्याची उजव्या बाजूला. अदलाबदल नको. पायडल पायात येतं म्हणून मागच्या बाजूने बसलो.
उजवी: १.५० मिलिहेन्री. डावी: १.६१.
सापडलं. कंपनीनेच फसवलं आहे. ३४ वर्षं आम्ही वाकडी कॉइल ऐकत होतो.
सुलक्षणाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बरं. मग विचारलं, दूध उतू गेलं तर ओटा पुसता ना. पुसतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
फेरमोजणी. दहा वेळा. डावी १.६१, हटकून. मधे एकदा १.६२ आलं, पण तेव्हा विमान डोक्यावरून गेलं होतं. घाटकोपरला हा त्रास आहेच.
केतन डोकावला. म्हणाला, काका, कॉइलखाली काय आहे, एकदा जमिनीवर ठेवून मोजा ना. मी म्हटलं, मी जमिनीवर बसून काम करत नाही. मीटर चालवायला शिकलं म्हणजे मोजमाप येतं असं नाही. हे त्याला सांगितलं नाही, इथे लिहितो.

१० फेब्रुवारी, सोमवार
आठ दिवस झाले. सुलक्षणा आली नाही. अस्मिताच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी म्हणे ब्लाउज टाकले आहेत, शेजारणीचं मशीन वापरते. ठीक. मलाही कामाला वेळ मिळतो.
दुपारचं जेवण: ताकभात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
निर्णय घेतला. डाव्या कॉइलचे वेढे सोडवायचे. एक वेढा, मोजणी. एक वेढा, मोजणी. सातव्याला १.५० वर आली. हात अजिबात हलला नाही. इतकं सुरेख काम कारखान्यातसुद्धा झालं नव्हतं.
कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. केतनची बेल वाजवली. कुलूप होतं.
कापलेली तार सुलक्षणाच्या बटणांच्या डब्यात ठेवली.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४
बॉक्स बंद केले, जागेवर ठेवले, लावले. डावा अजून दबूनच बोलतो.
कारणे: १) जुनी वायर. २) विजेचा दाब. ३) माझे कान, सर्दी आहे.
सुलक्षणाचे कान विलक्षण तिखट. मशीनच्या आवाजावरून सांगायची, तेल संपलंय. चार वाजता तिचं मशीन सुरू व्हायचं, मी ओरडायचो, जरा थांबव गं, ऐकू येत नाही. आज चार वाजता मी उगाच कान देऊन बसलो होतो. फार एकटं वाटलं. सर्दीचंच असणार.

१९ फेब्रुवारी, बुधवार
२२ ची तयारी. श्रीखंड सांगितलं. ती शुक्रवारी येणारच. विचारलं नाही, पण ३४ वर्षांत कधी चुकली नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
तिचा फोन. म्हटलं, स्टेशनवर घ्यायला येऊ? ती म्हणाली, मी येत नाही, शनिवारी टेम्पो येईल. त्याची नाशिकची फेरी शनिवारीच असते. मशीन नीट बांधून द्या, मुंडीला चादर गुंडाळा.
मी विचारलं, आणि बेंच?
तिने फोन ठेवला.

२२ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ११.३०
टेम्पो आला. केतनने एक बाजू धरली. मुंडी बिडाची, वजन भयंकर. ती नेमकी डाव्या कॉइलच्या जागेखाली लटकत होती. केतन थांबला, मुंडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पण बोलला नाही. पहिल्यांदाच.
मशीन गेलं. लादीवर पायांचे चार गंजके डाग.

दुपारी १
बॉक्स पुन्हा उघडले. डागांच्या मधे जमिनीवर बसून मोजलं. उजवी १.५०. डावी १.३९.
म्हणजे मुळात दोन्ही सारख्याच होत्या. डावीखाली एवढं लोखंड होतं म्हणून मीटर चढत होता. चांगली कॉइल मी सोलली.

संध्याकाळी ६
सुलक्षणाला फोन केला. सगळं सांगितलं, सात वेढ्यांसकट. ती हसली नाही. मशीन नीट बांधलं का, एवढं विचारलं. मग मी विचारलं, जे तीन आठवडे विचारलं नव्हतं. तू कधी येतेस?
"अहो, आता मशीन इथे येतंय ना," ती म्हणाली.

संध्याकाळी ७.१५
बॉक्स बंद केले. सोफा दोन हात पुढे ओढला. डावा बॉक्स लगेच मोकळा बोलू लागला. सात वेढ्यांचा फरक मला तरी ऐकू येत नाही.
तिला आला असता.