दोन बोटं खोल जाळी

मी, मडिवाळप्पा संगप्पा हत्तुरे, वय एकाहत्तर, धंदा गवंडीकाम, राहणार बाळीवेस, सोलापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो ती येणेप्रमाणे.

१. बाळीवेशीतले घर मी स्वकष्टाने बांधले. त्याच्या दर्शनी भिंतीसारखी भिंत अख्ख्या सोलापुरात नाही. हे मी नम्रतेने लिहीत नाही, कारण ते खरे आहे. फिका दगड दुधनीकडून बैलगाड्यांतून आणला आणि त्यावरची वेलबुट्टीची जाळी तीन वर्षे खपून स्वतः कोरली. सदर घर माझी पत्नी दानम्मा हिच्या एकटीच्या मालकीचे राहील. तिच्यानंतर ते मुलगा शिवयोगी याला मिळेल, पण खालची अट पाळली तरच.

२. जाळीच्या मागे स्वयंपाकघर आहे. जाळी आरपार नाही, दोन बोटेच खोल आहे. धुराने दगड काळवंडेल म्हणून मी ती मुद्दाम बंद ठेवली. वास्तुशांतीच्या दिवशीच दानम्माने विचारले होते, "धूर कुटं जायचा वो?" मी म्हणालो, "होईल सवय." सव्वीस वर्षे ती त्या धुरात भाकरी थापते आहे. आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही, दोन वाक्ये बोलली की खोकला येतो. मला याची लाज वाटते. सबब माझ्यामागे महिन्याच्या आत जाळीची खाच न् खाच आरपार फोडावी. भिंतीवर काजळी चढेल, ती कोणी धुऊ नये.

३. शिवयोगी नकाशे काढतो, शिकलेला आहे. तो म्हणतो, "आप्पा, असली भिंत नासवणं म्हणजे पाप आहे की." पाप कशाला म्हणायचे ते त्याने आईच्या डोळ्यांकडे बघून ठरवावे.

४. गंगाधर मास्तर दरवर्षी चित्रकलेचा वर्ग घेऊन भिंतीसमोर बसतात. एकदा म्हणाले, "देखणेपणाला पापपुण्य नसतं, हत्तुरे." मी खूश होऊन चहा पाजला. तो कोणी, कुठे बसून उकळला, हे आम्हां दोघांनाही सुचले नाही. आज माझे मत असे: भिंत देखणीच आहे. पण जिच्या आड बाई गुदमरते ती भिंत पुरी झालेली नाही, आणि अर्धे काम सोडून मी आजवर कुठून उठलो नाही. मास्तरांना माफ केले आहे. माझी नक्षीची वही त्यांना द्यावी.

५. ओळंबा, करणी व सर्व छिन्न्या गवंडी बिरप्पा याला. माझ्यानंतर त्याचा हात सोलापुरात पहिला. मी आहे तोवर दुसरा. पोस्टातली शिल्लक दानम्माची.

पुरवणी: वरील मजकूर साक्षीदारांसमक्ष दानम्माला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुमी मरायची वाट बघत धूर खाऊ व्हय मी? सोमवारी फोडा की." मी म्हणालो, बिरप्पाला सवड आहे का बघतो. ती म्हणाली, "त्याला कशाला? बंद कुणी केली?"

बंद मीच केली. सबब जाळी फोडण्याची अट मी माझ्या हाताने खोडली आहे. काजळी न धुण्याची अट कायम. सोमवारी पहिला घाव मी घालीन.

सही: मडिवाळप्पा संगप्पा हत्तुरे

साक्षीदार:
१. गंगाधर चिंतामणी मैंदर्गीकर, शिक्षक (कलम चार वाचून सही केली.)
२. बिरप्पा सिद्धप्पा पुजारी, गवंडी

सोलापूर, शुक्रवार, २२ मार्च १९७४