काळी चारची लहर

मी, वत्सला विष्णु जोगदेव, वय ७४, निवृत्त संगीतशिक्षिका, राहणार पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची कायद्याला गरज नाही. कोणी दबाव आणलेला नाही. आणायला घरात कोणी नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर माझा पुतण्या अंबरीश याला. अट एकच. पुढच्या खोलीत शनिवारी स्वमग्न आणि शिकायला वेगळा वेळ लागणाऱ्या मुलांचा गाण्याचा वर्ग भरतो. माझ्याबरोबर शिकवणारी नूतन तो चालवील तोवर खोली त्यांची. एकजण आल्याआल्या प्रत्येक खिडकी उघडून बंद करतो. त्याला करू द्यावे.

२. बँकेतील ठेव नूतनकडे, पेण आणि रोहा इथल्या वर्गांसाठी. तिने मुलांना वार्षिक कार्यक्रमात उभे करू नये. टाळ्या वाजल्या की निम्मी मुले कान झाकतात.

३. भिंतीवरचे घड्याळ शेजारी हैबतराव यांना. वर्ग पाच मिनिटे लांबला की ते कुंपणापाशी येऊन वेळ सांगत. आता घरबसल्या बघावी.

४. शाळेत अठ्ठावीस वर्षे मी बेसूर मुलांना प्रार्थनेला मागे उभे केले. "ओठ हलव, आवाज काढू नकोस," असे सांगितले. त्यांना देण्यासारखे माझ्याकडे काही नाही. नोंद राहावी म्हणून लिहिते.

५. माझी पेटी सिदराला, वय २२, राहणार रोहा.

सिदरा बोलत नाही. ती अकरा वर्षांची असताना तिची आई रहिमा तिला दर शनिवारी गाडीने पेणला आणू लागली. वर्षभर ती दारापाशी बसली. मग एक दिवस मी वाजवत असताना पेटीशी आली, काळी चार दाबली आणि झाकणावर गाल टेकला. ती पट्टी बिघडलेली होती. आतल्या दोन पितळी पत्त्या जुळत नव्हत्या, त्यामुळे सूर लहरत राही. सिदराने ती लहर घशात धरली. मी तिचा ऐकलेला तो पहिला आवाज. पुढची पाच वर्षे मी भाता हलवला आणि ती तेवढेच गायली.

तिच्या सतराव्या वाढदिवसाला भेट म्हणून मी पेटी सुरात लावून घेतली. जनू गणपतीच्या कारखान्यात डोळे आखतो आणि पेट्याही दुरुस्त करतो. तो म्हणाला होता, "ऱ्हाऊ दे की बाई. एक पट्टी तर हाय." मी म्हटले, "बेसूर पेटीवर शिकवत नाहीत, जनू."

सिदरा आली. काळी चार दाबली. पुन्हा दाबली. झाकण उचलून आत पाहिले. मग चपला न घालता रस्त्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी मी रोह्याला गेले. सिदरा आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. रहिमाने चहा दिला. म्हणाली, "बाई, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. पन ती नाय यायची. तिला वाटतं, पेटीतलं कोन तरी गेलं."

रोह्याचा रविवारचा वर्ग मी त्यानंतर सुरू केला, तिच्याच गल्लीत. दार उघडे ठेवते आणि एक चटई जास्त अंथरते. गेले सहा महिने गुडघ्यांमुळे नूतन जाते. चटई तीही अंथरते. पाच वर्षे ती रिकामीच गुंडाळली जाते.

ती लहर जनूच्या हाताला आठवत नव्हती, माझ्या कानालाही नाही. आठवत होती जिते गावच्या रमीजला. तोही शनिवारचाच विद्यार्थी, वय २४. ऐकलेला सूर तो विसरत नाही. गेल्या महिन्यात तो जनूशेजारी बसला. जनू पत्ती खरवडायचा, रमीज म्हणायचा, "अजून." असे दोन दिवस. "ह्यो माझा जीव घेनार," जनू म्हणाला. तिसऱ्या दिवशी रमीज उठून उभा राहिला. "बस. शनिवार."

पेटी पुन्हा बिघडली आहे. माझ्यामागे अंबरीशने ती रहिमाच्या पडवीत न्यावी. सिदराला हाक मारू नये. काळी चार दाबून भाता हलवावा आणि थांबावे. पेटी पुन्हा कधीही, कोणाकडूनही सुरात लावून घेऊ नये.

६. वरील कलम साक्षीसाठी जनूला वाचून दाखवले. तो म्हणाला, "पेटी तयार हाय, रोह्याची गाडी हाय. मरायची वाट कशाला बघताय बाई?"

मी गुडघे दाखवले.

"पेटी मी उचलतो. गुडघ्यांचं नाव नका सांगू."

त्याला खरे कारण कळले होते. मी मेल्यावर सिदरा बाहेर आली नाही, तर ते मला पाहावे लागणार नाही. म्हणून हे काम मी अंबरीशवर टाकले होते. ते रद्द समजावे.

परवा रविवार. जनू सकाळी येणार आहे. ती बाहेर येवो न येवो, पेटी तिथेच राहील. आली, तर भाता मी हलवीन.

स्थळ: पेण
दिनांक: ९ जानेवारी २०२६

(सही) वत्सला विष्णु जोगदेव

बाईंनी आमच्या समोर सही केली, आणि आम्ही त्यांच्या समोर.

१. (सही) जनू म्हात्रे, पेण
२. (सही) अनिता ठाकूर, पेण