कळलावीचा दोष

प्रिय चंद्रिकाक्का,

फोनवर अम्माचं नाव काढलं की तू ठेवून देतेस, म्हणून कागदावर लिहिते. खरं असेल तेवढंच लिहीन, एक शब्द जास्त नाही.

गच्चीवरचा कळलावीचा वेल आता नाही. तू बेंगळुरूला परत गेलीस त्याच आठवड्यात अम्माने कुंडी उपसली. कंद विषारी, म्हणून हातमोजे घालून ते पिशवीत भरले आणि आम्ही दोघी बसने कोवलमच्या किनाऱ्याकडे गेलो. तिथल्या झुडपांत तिने ते पुरले. येताना ती खिडकीबाहेर बघत होती.

आपली पहिली शाळा ती कुंडीच, नाही का? शाळेत घालायच्या आधीच अम्माने आपल्याला तिथे बसवलं. तिने पेरलेल्या तांबड्या बियांतून किती तरी दिवस काहीच येईना. मग गवतासारखं एक पान आलं आणि फूल दिसायला तर वर्षं गेली. दर उन्हाळ्यात वेल वाळायचा, तू रडायचीस, मेली म्हणून. एकदा अम्माने माती बाजूला करून दाखवलं. जुना कंद पोकळ, सुरकुतलेला, आणि त्याच्याच अंगातून भरलेला नवा, नांगरासारखा दुबेळका. जुन्याने सगळं देऊन टाकलं की मगच नवा पावसात डोकं वर काढतो, असं ती म्हणाली होती. फुलातली ती आडवी वळलेली काडीही आठवते. आपलेच पराग आपल्यावर पडू नयेत म्हणून ती अंग चोरते, दुसऱ्या फुलावरून येणाऱ्या फुलपाखराची वाट बघते. तू म्हणालीस, म्हणजे हिला नवरा म्हणून मामाचा मुलगा नको! अम्मा हसून हसून जमिनीवर बसली होती.

मागच्या कार्तिकात तू बाळंतपणाला आलीस तेव्हा वेल फुलांनी पेटला होता. रत्नप्रभाआत्या जिना चढून आली आणि म्हणाली, "घरात गरोदर पोर नि गच्चीत कळलावी? नावातच कळ आहे गं! शिकलेल्यांना कोण सांगणार?" अम्माने वेल काढला नाही. मग बाळ वेळेआधी आलं आणि गेलं. तेव्हा तू अम्माला एवढंच विचारलंस, का ठेवलीस ती?

अक्का, वार आधीच सुटली होती असं डॉक्टरांनी सांगितलं. मी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. पोटात गेल्याशिवाय ते झाड कोणाचं काही करत नाही आणि तू तर त्याला हातही लावला नव्हतास. तुझं दुःख मी मोजत नाही. तू तेव्हा जे बोललीस ते बोलायचा तुला हक्कच होता.

पण अम्माला यकृताचा कर्करोग आहे. डॉक्टर आता औषधांबद्दल बोलत नाहीत, तिला काय खावंसं वाटतं ते विचारतात. तुला कळवायचं नाही असं तिने माझ्याकडून वचन घेतलंय, ते मी आज मोडते आहे. आजार मी सहन करीन. पण काल तिचे केस विंचरताना, आपल्याला सगळं शिकवणाऱ्या त्या बाईने मला विचारलं, "वाणी, खरंच माझ्यामुळे गेलं का गं ते?" मी नाही म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिने मान हलवली, पण माझं ऐकलं नाही. हे "नाही" फक्त तुझ्या तोंडून तिला पटेल. येता येत नसेल तर येऊ नकोस. फोन कर, मी तिच्या कानाशी धरीन.

वाट बघणारी, तुझीच धाकटी,
वाणी