अंगठा खाली

शनिवार, ८ फेब्रुवारी

गटाने निवडलेली मुलगी गटाची असते की स्वतःची? नाही सांगता येत मला!

कॉलेजच्या मॉडेल पार्लमेंटमध्ये बारा काल्पनिक देश, चार पक्षगट. आमच्या गटाची समन्वयक मी. मतदानाला समन्वयक पहिल्या खुर्चीत बसतो. अंगठा वर – बाजूने. खाली – विरोधात. ठरावांवरच्या दुरुस्त्या इतक्या, की मागचे कुणी वाचतच नाहीत, नुसता अंगठा बघतात.

बाबा म्हणाले, "म्हणजे क्लास मॉनिटर!" आई मात्र आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतल्या अख्ख्या बिल्डिंगला सांगून आली – "घरातली पहिली ग्रॅज्युएट, आता पार्लमेंटमध्ये!"

सोमवार, १०

समन्वयकांची बैठक, बंद दाराआड. शिष्यवृत्तीचा अहवाल लिहायचं काम आमच्या कावेरीला हवंय, किती राबलीय ती! समोरच्या गटाची नौशीन हसून म्हणाली, "यल्ला, चलो, रिपोर्ट तुम्हारा. बस, सतरा नंबर गिरा दो." तिथे सगळे दुरुस्त्यांच्या नंबरांतच बोलतात. मीही म्हणाले, "डन!"

कावेरीने मिठीच मारली.

मंगळवार, ११

सतरा नंबरची दुरुस्ती आज वाचली. उन्हाळ्यात डिलिव्हरी रायडर्सना दुपारी सावलीत सक्तीची विश्रांती.

बाबा बाइकवरून औषधं पोचवतात. ऑगस्टमध्ये घरी आले की आधी डोक्यावर थंड पाणी. "हेल्मेटमध्ये डोकं शिजतं गं."

जेवताना त्यांनी विचारलं, "मग, काय पास करताय?"

"असंच. नंबर असतात."

पाणी आणायला उठले.

बुधवार, १२

गटाला सगळं सांगितलं. न वाचता हो म्हटलं, हेही. लॉयड म्हणाला, "सॉरी, पण शब्द दिलायस ना? उद्या आपल्यावर कोण विश्वास ठेवेल?" चुकीचं नाही बोलला. हात वर करून ठरलं – सौदा पाळायचा. कावेरी खाली मान घालून होती.

उद्या अंगठा मला दाखवायचाय. खेळच आहे, म्हणतात सगळे. तरी सिलिकॉन ओएसिसच्या कॉलेजातून परतताना मी सिग्नलला थांबलेल्या प्रत्येक रायडरकडे बघत होते. त्यांना काय माहीत!

गुरुवार, १३

सकाळीच पहिली खुर्ची लॉयडला दिली आणि मागच्या रांगेत जाऊन बसले. सतरा नंबर. त्याचा अंगठा खाली. माझा हात वर – गटात एकटीचा.

पडली दुरुस्ती.

घरी येऊन बाबांना सांगितलं, सतरा नंबर म्हणजे काय होतं. आणि तो विकला कुणी, तेही.