भूगोलाचे गाइड

भिलाई, रविवार, संध्याकाळ

प्रवेशपरीक्षेची गाइडे घ्यायला मृणालला घेऊन सिविक सेंटरच्या बाजारात पुस्तकांच्या दुकानात गेलो होतो. लेक बी.कॉम. करणार, तेही घरी राहून, हे मी गृहीतच धरले होते. म्हणून लेखाशास्त्राच्या गाइडांतले सोडवलेले ताळेबंद पडताळत उभा राहिलो. एकाची बेरीज जुळेना, परत ठेवले. दुसरेही ठेवले. दुकानदार हसून म्हणाला, “भाईसाहब, पेपर बिटिया देगी कि आप?”

मान वर केली, तर मृणाल भूगोलाचे गाइड उघडून उभी. निळे पान, त्यावर सागरी प्रवाहांचे बाण. ती जणू त्या दुकानात नव्हतीच.

“बाबा, मले हे शिकायचं आहे. बाहेर जाऊन.”

बाहेर म्हणजे किती लांब? विचारणार होतो, पण त्या निळ्या पानाकडेच पाहत राहिलो. मग तेच गाइड द्यायला सांगितले.

“तपासून नाही राहिले तुमी?” तिला नवल वाटले.

“यातलं मले काही समजत नाही, बेटा. तूच तपास.”

परतताना ती स्कूटरवर मागे बसून प्रवाहांची नावे मोठ्याने वाचत होती. रोजचे रस्ते एकाएकी रुंद वाटू लागले. घराचे वळण आले; मी गाडी सरळ जाऊ दिली.